विसरलेले देणे

परवा काळाचौकीच्या आमच्या जुन्या चाळीत नानांना भेटून आलो. १९८२ च्या गिरणी संपात आमची चूल विझायची वेळ आली, तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांना तीनशे रुपये दिले होते. कागद नाही, साक्षीला मी एक पोर. वडील ते न फेडताच गेले. मी पैसे पुढे केले, तर नाना म्हणाले, "तू कोणाचा रे?"

नव्वदीच्या नानांच्या मेंदूतील बहुतेक मज्जापेशी त्यांच्या जन्मापासूनच्याच. कातडीच्या पेशी झडतात, नव्या येतात. या तशा बदलत नाहीत. मात्र पेशी तीच राहिली तरी तिच्यातली प्रथिने सारखी मोडतात, नवी घडतात आणि सूक्ष्म नळ्यांच्या रुळांवरून तंतूच्या टोकापर्यंत पोचवली जातात. (कण्यापासून पावलापर्यंतचा तंतू मीटरभर असतो!) अल्झायमरमध्ये या नळ्यांना सावरणारे टाऊ नावाचे प्रथिन सुटते आणि पेशीत त्याचा गुंता होतो.

मग देणारा उरला कुठे? नानांचा मुलगा म्हणाला, "त्यांना आठवत नाही, राहू द्या." मला ते पटेना. त्या दिवशीची माझीही बहुतेक प्रथिने आज नाहीत. विसरल्याने येणे बुडत असेल, तर देणेही बुडेल, आणि विसरणे मला फार सोयीचे आहे. व्याजाचा घोळ तर निराळाच.

नोटा मी नानांच्या मुठीत ठेवल्या. त्यांनी त्या सावकाश मोजल्या आणि एक मला परत दिली.

"पोराला खाऊ ने," म्हणाले.