सुंठीने की सुंठीवाचून?

आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या घटकाचा. आले वाळून त्याची सुंठ झाली की जिंजेरॉलच्या रेणूतून पाण्याचा अंश निघून जातो आणि त्याचे शोगाओल होते. ते अधिक तिखट. शिजवताना त्याच जिंजेरॉलपासून झिंजेरोन हा सौम्य पदार्थ तयार होतो. म्हणजे चहात ठेचून घातलेले आले, डब्यातली सुंठ आणि करवीर तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळावर काहिलीतल्या उकळत्या पाकात पडलेले आले, ही रसायनाच्या हिशेबाने तीन निराळी द्रव्ये आहेत. जुन्या वैद्यांना हे रेणू ठाऊक नव्हते, पण फरक ठाऊक होता: त्यांनी आर्द्रक गुरू म्हटले आणि शुंठी लघू. आजच्या चर्चेत मात्र सगळे मिळून एकच ‘आले’ असते, आणि ते सूज उतरवते हे ‘विज्ञानाने सिद्ध’ झालेले असते. कळंब्याच्या तलावावर सकाळी फिरून आल्यावर गुडघे चोळत आल्याचा चहा घेणाऱ्यालाही आता हे वाक्य पाठ आहे.

ही सिद्धता बहुतेक वेळा काचेच्या बशीतली असते. शरीरात सूज आणि वेदना निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन व ल्युकोट्रिन ही द्रव्ये ज्या विकरांमुळे बनतात, त्या विकरांना जिंजेरॉल आणि शोगाओल आवर घालतात. आयब्युप्रोफेनसारखी गोळीही यांतल्याच एका वाटेवर काम करते. हे निरीक्षण खोटे नाही. पण बशीतल्या पेशींवर जिंजेरॉल थेट ओतलेले असते. पोटात गेलेल्या आल्याचे तसे नसते. आतडे आणि यकृत जिंजेरॉलला लगेच ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट यांची जोड लावतात. माणसांना आले देऊन रक्त तपासले तेव्हा मोकळे जिंजेरॉल जवळजवळ सापडलेच नाही, सापडली ती जोडलेली रूपे. बशीतली मात्रा सांध्यापर्यंत पोहोचते असे गृहीत धरून पुढचा सगळा डोलारा उभा राहतो. शिवाय या परीक्षेत हळद पास होते, लसूण पास होतो. यादी करायला बसले तर मंडईतली निम्मी भाजी पास होईल. पेशीला गुडघा नसतो आणि जिना चढताना ती कण्हत नाही. तेव्हा तिच्यावरून जिन्याबद्दल निष्कर्ष काढणे म्हणजे बियाणे उगवले म्हणून धान्याची पोती मोजायला घेणे.

शेकडो वर्षांचा वापर हा पदार्थ निरुपद्रवी असल्याचा पुरावा आहे, गुणाचा नाही. आणि सगळेच थोतांड म्हणणाऱ्यांनी चाचण्या उघडून पाहिलेल्या नसतात.

चाचण्यांचे मर्म मराठीने फार पूर्वीच एका म्हणीत ठेवले आहे: सुंठीवाचून खोकला गेला. खोकला आपणहूनही जातो. मग सुंठ घेतल्यावर गेला तर तो सुंठीने गेला की नुसता सुंठीनंतर? गुडघ्याचे दुखणे तर खोकल्याहून लहरी. माणूस औषधाकडे वळतो तो दुखणे टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेले दुखणे बहुधा थोडे खाली येतेच. 1992 मध्ये डेन्मार्कमधून 56 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. संधिवाताच्या रुग्णांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांना आल्याने आराम पडला, असे त्यात म्हटले होते. पण तुलनेला बिनसुंठीचा गट नव्हता, त्यामुळे म्हणीचा प्रश्न तिथे विचारताच येत नाही.

तो विचारला गेला 2001 मध्ये, अमेरिकेत. गुडघ्याची झीज झालेल्या सुमारे अडीचशे जणांना सहा आठवडे एक तर अर्काची कॅप्सूल दिली, नाहीतर तशीच दिसणारी निरुपयोगी. अर्क घेणाऱ्यांपैकी 63 टक्क्यांचे दुखणे कमी झाले, निरुपयोगी कॅप्सूलवाल्यांपैकी 50 टक्क्यांचे. म्हणजे शंभरातले पन्नास सुंठीवाचूनच बरे वाटून घेत होते. सुंठीच्या नावावर जमा होतात ते तेरा. तेही निर्भेळ नव्हेत, कारण त्या अर्कात आल्याबरोबर त्याचेच भाऊबंद कुलंजनही होते. पोटाच्या तक्रारी अर्कवाल्यांपैकी 59 जणांना झाल्या, दुसऱ्या गटात 21 जणांना. तिखट ढेकर आलेल्याला आपल्याला कोणती कॅप्सूल मिळाली हे सांगावे लागत नाही, आणि तेरांतले काही त्या ढेकरेचेही असू शकतात. त्याआधी 2000 मध्ये डेन्मार्कमध्येच प्रत्येक रुग्णाला आळीपाळीने आयब्युप्रोफेन, आल्याचा अर्क आणि निरुपयोगी औषध देऊन पाहिले होते. आयब्युप्रोफेन स्पष्टपणे पुढे राहिले. संपूर्ण प्रयोगाचा हिशेब लावता आले आणि निरुपयोगी औषध यांत ठोस फरक निघाला नाही. 2015 मध्ये पाच चाचण्यांतले 593 रुग्ण एकत्र धरून काढलेला निष्कर्षही तसाच: परिणाम आहे, पण माफक, आणि आले घेणाऱ्यांनी औषध मध्येच सोडण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक.

माफक म्हणजे शून्य नव्हे, हे तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. मासिक पाळीच्या दुखण्यावर आणि गरोदरपणातल्या मळमळीवर आल्याची बाजू गुडघ्यापेक्षा भक्कम आहे. मात्र चाचण्यांतली मात्रा कपाशी ताडून पाहावी. भुकटीच्या चाचण्यांत बहुधा दिवसाला एखादा ग्रॅम सुंठ असते. ओल्या आल्यात सुमारे चार पंचमांश पाणी, म्हणून एका ग्रॅम सुंठीला पाच ग्रॅम आले लागते. चहाच्या कपात नखाएवढा तुकडा पडतो, त्यातलेही बरेचसे गाळणीत राहते.

झिजलेल्या गुडघ्यावर सुंठ हे सौम्य पूरक आहे, एवढेच आज म्हणता येते. आमवातावरची मेथोट्रेक्झेटसारखी गोळी बंद करून सुंठ सुरू करण्याला पुराव्याचा आधार नाही. तिथे थांबलेल्या उपचाराची किंमत सांधाच मोजतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्यांनी सुंठीची कॅप्सूल किंवा अर्क घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. चहातल्या आल्याला ही अट नाही.