बिल फिटले, खाडा राहिला

हुबळीत एकाच तापाचे दोन हिशेब होतात. रेल्वे वर्कशॉपमधला कायम कामगार आजारी पडला, तर त्याला रेल्वेचे इस्पितळ आहे, दाखल्यावर रजा आहे आणि महिनाअखेरीला पगारही आहे. अमरगोळच्या बाजार समितीत पोती वाहणाऱ्या हमालाची मिळकत मात्र पाठीवरच्या पोत्याशी बांधलेली. तो अंथरुणाला खिळला की खाडा पडतो, आणि तो खाडा घरातल्या बाकीच्यांनी भरायचा असतो.

उपचारांच्या खर्चाचा विचार कर्नाटकाने बऱ्याच आधी केला. २००३ साली सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना आली. सुरुवातीला वर्षाला ६० रुपये भरून शस्त्रक्रियेचे संरक्षण मिळे. २०१८ पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. हे काम मोठेच आहे. पण या योजना दवाखान्याचे बिल भागवतात, बुडालेली मजुरी देत नाहीत.

ती मजुरी कोण देते, हे घरातले कामाचे तास पाहिले की कळते. रोग्याचे तास संपतात. किम्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इथल्या सरकारी रुग्णालयात त्याच्या उशाशी कोणीतरी बसावे लागते, म्हणून आणखी एकाची मजुरी बुडते. मग तिसरे माणूस जास्त राबते. बायको धुण्याभांड्यांची आणखी दोन घरे धरते, शाळेतला मुलगा गॅरेजात जातो. घराच्या तासांची नुसती बेरीज केली तर ती कदाचित फारशी घटलेलीही दिसणार नाही, आणि पाहणारा म्हणेल की कुटुंब सावरले. प्रत्यक्षात त्या बेरजेत बाईची झोप आणि मुलाचे शिक्षण खर्ची पडलेले असते. शिवाय टाके सुकण्याआधीच हमाल पुन्हा पोत्याखाली जातो आणि दुखणे पुन्हा उलटते.

यावरचा उपाय आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात आहे. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या कर्मचारी राज्य विम्याखाली आजारी कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. जर्मनीने तर १८८३ मध्येच उपचारांबरोबर आजारपणाचा भत्ता देऊ केला होता. पण आपला कायदा महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या, नोंदणीकृत आस्थापनांतल्या कामगारांपुरता आहे. गोकुळ रोडवरच्या कारखान्यातल्या कामगाराला तो लागू होऊ शकतो. फाटकाबाहेर चहा विकणाऱ्याला नाही.

पैसे दिले तर लोक खोटे आजारी पडतील, अशी शंका घेतली जाते. तिचे उत्तर कठीण नाही. सुरुवात रुग्णालयात दाखल झालेल्यांपासून करावी. दाखल असलेले दिवस आणि डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरने लिहिलेली विश्रांती, एवढ्या दिवसांची किमान मजुरी थेट खात्यावर जमा व्हावी; सोबतीला राहिलेल्या एका माणसाचीही. यंत्रणा तयारच आहे. राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा दोन हजार रुपये २०२३ पासून बायकांच्या खात्यावर येतात. क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा रोख मदत २०१८ पासून सुरू आहे, आणि आता ती हजार रुपये झाली आहे. आजारपणात रोख रक्कम लागते, हे सरकारने एका रोगापुरते का होईना, मान्य केलेले आहे.

गृहलक्ष्मीचा आधार खरा आहे, पण तो आजाराच्या महिन्यात वाढत नाही. म्हणून आरोग्य योजनेचे यश किती शस्त्रक्रिया झाल्या यावरच मोजू नये. रोगी पुरता बरा होऊन कामावर गेला का, आणि तोवर घरातले मूल शाळेत राहिले का, हेही विचारावे. विश्रांती हा औषधाचाच भाग आहे, आणि त्या औषधाचे पैसे आजवर गरिबाच्या घरानेच भरले आहेत.