‘मनावर घेऊ नकोस’ हे कोणी म्हणावे?

।। श्री गुरुदेव दत्त ।।



मी काही कीर्तनकार नव्हे की शास्त्री नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, सगळी हयात बँकेत लेजर, टोकन आणि पासबुक यांच्यात गेली. निवृत्तीनंतर रोज सकाळी थोडे गुरुचरित्र, थोडे एकनाथी भागवत वाचतो. वाचता वाचता काही प्रश्न पडतात. त्यातला एक यंदाच्या दत्तजयंती अंकाच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवतो.

शाळेतून मूल रडत घरी येते आणि सांगते, “मला जातीवरून चिडवलं.” किंवा भाषेवरून, गावावरून, रंगावरून. आपण मोठी माणसं लगेच म्हणतो, “जाऊ दे रे, पोरंच ती. मनावर घेऊ नकोस.” हा उपदेश बरोबर आहे का? आणि तो करण्याचा अधिकार कोणाचा?

वरवर पाहिले तर शास्त्र आपल्याच बाजूचे वाटते. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. परंपरेने तो अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभूच. ते आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, वायू, आकाश, अजगर, मधमाशी अशी ती यादी आपल्याला पाठ आहे. त्यात एक गुरू लहान मूल आहे. मुलाला मानाची फिकीर नसते, अपमानाचीही नसते, ते आपल्या खेळात रमते, तसाच मी फिरतो, असे अवधूत म्हणतात. झाले, आपल्याला आधार मिळाला!

पण जरा थांबून पाहावे. हे मूल कोणते? ज्याला जगाने अजून नावे ठेवायला सुरुवात केलेली नाही, ते. अंगणात मातीत खेळणाऱ्या दीड-दोन वर्षांच्या पोराला ना जात ठाऊक असते, ना प्रांत. पुढे शाळेच्या वाटेवर कोणीतरी पहिल्यांदा तो शब्द त्याच्या अंगावर टाकतो. त्या दिवसापासून त्याला मानही कळतो आणि अपमानही. म्हणजे दत्तप्रभूंनी ज्याला गुरू केले त्या मुलाची निरागसता आपल्यातल्याच कोणीतरी काढून घ्यायची, आणि वर त्यालाच सांगायचे की तुला अपमान वाटता कामा नये. हा हिशेब काही जुळत नाही.

याच स्कंधात पुढे तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या भिक्षूची कथा आहे. सगळे धन गेलेला, संन्यास घेतलेला तो म्हातारा. लोक त्याची टिंगल करतात, छळतात, आणि तो शांत राहतो. सहनशीलतेची ही मोठी कथा. पण तिच्या आधी काय घडते ते पाहा. दुर्जनांनी केलेला अपमान सोसणे जाणत्यांनाही फार कठीण वाटते, असे उद्धव म्हणतो. भगवंत त्याला दटावत नाहीत. उलट ते मान्य करतात, की मर्मात घुसलेल्या बाणांनी होत नाही एवढी वेदना कठोर शब्दांनी होते. आधी जखम खरी आहे हे कबूल केले, मग औषध सांगितले. आपण मात्र जखम नाहीच म्हणून मोकळे होतो.

आता काही वाचक म्हणतील, “अहो, आमच्या वेळी सगळेच चिडवायचे. लंब्या, बुटक्या, ढापण्या, टकल्या. त्यातूनच माणूस घट्ट झाला. हल्लीची पोरंच नाजूक.” यात तथ्य आहे. दोस्तांतली टोपणनावे मायेचीही असतात. पण सगळे चिडवणे एका खात्यात टाकता येत नाही. मी स्वतःपुरत्या तीन कसोट्या केल्या आहेत. ज्याला चिडवले त्याला तेवढ्याच जोराचा शब्द परत करता येतो का? तो शब्द काही दिवसांनी आपोआप गळून पडेल असा आहे का? आणि तो त्या एकट्यालाच लागतो, की त्याचे आईबाप, आजीआजोबा सगळे त्यात येतात? चष्म्यावरून चिडवले तर एका मुलाला लागते. जातीवरून किंवा प्रांतावरून बोलले तर खाते एकाच्या नावे आणि वसुली सगळ्या घरादाराकडून, असा प्रकार होतो. त्या मुलाने काहीही केले तरी ते खाते त्याला बंद करता येत नाही.

आपल्याकडच्या पुष्कळांना याची चव ठाऊक आहे. तरुणपणी मी काही महिने मुंबईत एका वसतिगृहात राहिलो. माझ्या बोलण्यातला हेल ऐकून तिथल्या मुलांनी पहिल्याच आठवड्यात मला ‘घाटी’ करून टाकले. शब्दाचा मूळ अर्थ साधा, घाटावरून आलेला. पण मुंबईत तो ज्या सुरात म्हणतात त्यात ‘अडाणी’, ‘गावंढळ’ हे सगळे आले. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, कमवायच्या तयारीत होतो. तरी जेवणाच्या टेबलावर तोंड उघडण्याआधी मी वाक्य मनात दोनदा बोलून बघायचो. सहा-सात वर्षांच्या पोराचे काय होत असेल? आज आपल्याच लासलगावात कांद्याच्या खळ्यांवर उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेले मजूर राबतात. त्यांना ‘ए भय्या’, ‘ए बिहारी’ अशी हाक मारताना आपला सूर कसा असतो, ते आपले आपण ऐकावे.

शब्द शब्दापाशीच थांबतो असेही नाही. २०१४ सालच्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपतनगर भागात अरुणाचल प्रदेशच्या नीडो तानिया या विद्यार्थ्याची त्याच्या दिसण्यावरून, केसांवरून टिंगल झाली. त्यातून मारहाण झाली आणि तो मुलगा दगावला. त्यानंतर केंद्र सरकारने ईशान्येकडील लोकांच्या अडचणी पाहण्यासाठी बेझबरुआ समिती नेमली. सुरुवात मात्र टिंगलीने झाली होती.

असा अपमान मनात किती वर्षे राहतो? याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या छोट्या आठवणींत पहिलीच आठवण बालपणीची आहे. साल १९०१ च्या सुमाराचे, वय नऊ वर्षांचे. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर होते. त्यांना भेटायला साताऱ्याहून ही मुले नवे कपडे घालून, आनंदाने रेल्वेने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी मायेने चौकशी केली. पोरांनी भाबडेपणाने आपली जात सांगितली आणि त्या गृहस्थांचा चेहराच बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी एक जण तयार झाला तो या अटीवर, की गाडी पोरांनी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे. जवळ खायला होते, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी राहिली. त्याच आठवणींत शाळेचेही आहे. बसायला घरून वेगळे गोणपाट न्यायचे, आणि शिपाई नळ सोडायला नसेल तर तहानलेले राहायचे.

हे त्यांनी लिहिले ते १९३५-३६ च्या सुमारास. मध्ये तीस-पस्तीस वर्षे गेली होती. परदेशातल्या मोठमोठ्या पदव्या झाल्या होत्या, नाशिकला १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला होता, आणि आपल्या शेजारच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणाही झाली होती. त्या घोषणेची कारणे फार मोठी होती. एका प्रसंगात ती बसवणे चुकीचे होईल. पण एवढ्या मोठ्या माणसालाही लिहायला बसल्यावर आधी आठवले ते मसूरचे स्टेशन. या प्रसंगाचा आपल्या मनावर कायमचा ठसा उमटला, असे ते स्वतः सांगतात. तेव्हा “मोठा झाला की विसरेल” हे म्हणणे आपण सोडून द्यावे.

बँकेतही हे दिसायचे. काउंटरवर काही माणसे आडनाव विचारले की आवाज खाली आणायची. एकदा साठीच्या पुढचे एक खातेदार नाव बदलल्याचे राजपत्र घेऊन आले. आडनाव बदलले होते. खाते जुने, सही जुनी, सगळे नव्याने करावे लागणार होते. मी म्हटले, “बाबा, आता या वयात कशाला हा खटाटोप?” ते म्हणाले, “माझं आयुष्य त्या नावावर निघालं साहेब. नातू यंदा शाळेत जायचाय.” आम्ही कागद पुरे केले. बँकेत चुकीची नोंद झाली तर उलट नोंद करून खाते सरळ करता येते. कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी शाळेत केलेल्या नोंदीची दुरुस्ती हा गृहस्थ नातवाच्या खात्यावर करू पाहत होता.

मग प्रश्न राहतो तो उपदेशाचा. सहन कर, क्षमा कर, हे खोटे आहे का? मुळीच नाही. पण ते कोण कोणाला सांगतो, याला महत्त्व आहे. आपल्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला आपल्याकडच्या कितीतरी दिंड्या तिथे पायी जातात. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडे ‘संन्याशाची पोरं’ म्हणून हिणवली गेली. परंपरा अशी सांगते, की एकदा अपमानाने व्यथित होऊन ज्ञानदेव ताटी लावून आत बसले. साक्षात ज्ञानदेव! तेही दार लावून बसले, यातच त्या शब्दांचे वजन आले. आणि त्यांना ताटी उघडायला, राग सोडायला कोणी विनवले? धाकट्या मुक्ताईने. तोच शब्द तिनेही झेलला होता. तिच्या तोंडी तो उपदेश शोभला, कारण ती दाराबाहेर उभी असली तरी दुःखाच्या आतच होती. चिडवणाऱ्यांपैकी कोणी येऊन “ज्ञानोबा, मनावर घेऊ नका” म्हणाला असता, तर तो उपदेश ठरला नसता, आणखी एक अपमान ठरला असता.

ज्याने तो शब्द सोसला नाही त्याने मग काय करावे? याचे उत्तर गुरुचरित्राच्या आठव्या अध्यायात आहे. एका विद्वान ब्राह्मणाचा मुलगा मंदबुद्धी. बाप गेला, आई भिक्षा मागून त्याला वाढवते. लोक त्याला हिणवतात, एवढ्या मोठ्या बापाच्या पोटी हा असा, म्हणून टोमणे मारतात. ते ऐकून मुलगा जीव द्यायला निघतो आणि आईही त्याच्या मागून नदीवर जाते. तिथे कुरवपुरी श्रीपाद श्रीवल्लभ त्यांना भेटतात. स्वामी त्यांना, लोक बोलतातच, तुम्ही लक्ष देऊ नका, असे सांगून वाटेला लावत नाहीत. आईला शनिप्रदोषाचे व्रत सांगतात, धीर देतात आणि मुलाच्या मस्तकावर हात ठेवतात. स्वामींची सिद्धी आपल्यापाशी नाही. पण मस्तकावर हात ठेवायला सिद्धी लागत नाही.

एक शंका मात्र उरते. काही जण म्हणतात, हे सारे पूर्वजन्मीचे भोग. कर्मविपाकाच्या वादात मी पडत नाही, तेवढे माझे वाचन नाही. इतकेच सांगतो, की दुसऱ्याच्या प्रारब्धाची वसुली करायला आपल्याला कोणी नेमलेले नाही. जो शब्द आपण उच्चारतो तो आपल्याच नावे पडतो.

आपण ज्येष्ठ मंडळींनी काय करावे, ते साधे आहे. सात वर्षांचे पोर जातीची शिवी स्वतः तयार करत नाही. ती ओसरीवरच्या, जेवणाच्या ताटावरच्या गप्पांतून उचलते. तेव्हा नातवंडांसमोर कोणत्याही समाजाचे नाव शिवीसारखे घेऊ नये. वाईट माणूस वाईट म्हणावा, त्याची जात मध्ये आणू नये. दुखावलेले मूल घरी आले तर आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे आणि स्पष्ट सांगावे, “हे चूक झालं, आणि चूक तुझी नाही.” शिक्षकांना भेटावे. आणि आपल्याच नातवाने कोणाला तसे म्हटले असे कळले, तर “पोरंच ती” न म्हणता त्याला हाताला धरून त्या घरी घेऊन जावे. आपण म्हातारी माणसे दारात जाऊन हात जोडतो हे पाहिले की पोराला वेगळा उपदेश लागत नाही. जातिवाचक अपमानाला शासन करणारा कायदा १९८९ पासून आहेच. पण कायदा येतो तो गुन्हा घडल्यावर. घराचे काम त्याच्या फार आधीचे.

मार्गशीर्ष पौर्णिमेला महाप्रसादाच्या पंगती बसतील. वाढायला, पत्रावळी उचलायला, भांडी घासायला नाना ठिकाणची माणसे असतील, त्यांची पोरे आजूबाजूला खेळत असतील. माझी एवढीच विनंती आहे, की प्रत्येकाला त्याचे नाव विचारावे आणि त्या नावाने हाक मारावी. नाव माहीत नसेल तर ‘दादा’, ‘मावशी’, ‘बाळ’ हे आपले शब्द आहेतच. दत्तप्रभू फकिराच्या, मलंगाच्या वेषात येतात हे आपण नाथांच्या चरित्रात ऐकलेले आहे. पण ते तसे आले नाहीत तरी पंगतीतले ते पोर कोणाचे तरी लेकरू असणारच.

त्या लेकराच्या कानावर आपल्या मंदिरात वाकडा शब्द पडू नये, एवढी सुबुद्धी श्रीदत्तगुरूंनी आम्हां सर्वांना द्यावी.

।। अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ।।