शंका लहान, कारभार मोठा

नागपुरातल्या मनीषनगरचं रेल्वे फाटक ज्यांनी भोगलंय, त्यांना थांबणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. एक गाडी जायची, दुसरी यायची असायची; फाटक खालीच. एकदा ऑटोत शेजारी आई होती. पाय आवळून, पर्स पोटाशी धरून, गप्प. घरी पोचल्यावर मात्र कुलूप उघडेपर्यंत तिला दम निघेना.

फाटकाशी आई नुसती बसून नव्हती. तिची मज्जासंस्था राबत होती. मूत्राशय भरताना मज्जारज्जूतून दोन हुकूम सुटतात : पिशवीचा स्नायू सैल ठेवा, दाराचा आवळून धरा. दीडशे-दोनशे मिलिलिटरला पहिली जाणीव होते. मोठं माणूस साधारण चारशे-पाचशेपर्यंत धरतं. वर्दी मेंदूच्या देठात पोचते. तिथं हे दोन्ही हुकूम एकदम उलटे करणारं केंद्र आहे. फ्रेडरिक बॅरिंग्टन या ब्रिटिश संशोधकाने मांजरांवरच्या प्रयोगांतून १९२५ मध्ये ते दाखवून दिलं. मणक्याच्या इजेने या केंद्राकडून खाली येणारी वाट तुटली, की पिशवी आणि दार एकाच वेळी आवळू लागतात. दाब मूत्रपिंडांपर्यंत चढतो.

या केंद्रावर वरच्या मेंदूचा लगाम असतो. तान्ह्या बाळात तो पक्का झालेला नसतो. मोठेपणी मेंदू आधी विचारतो : आत्ता? इथं? कुणी बघतंय का? ‘लघुशंका’ या शब्दात शंका आहे, ती मला इथं सापडते.

पण या शंकेचं उत्तर शरीरात नाही, रस्त्यावर आहे. आडोसा नसेल तर मेंदू नकारच देणार. ‘बाहेर जायचंय, पाणी नको पिऊस’ हा घराघरांतला सल्ला त्याच नकाराची तयारी. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना महिलांसाठी स्वच्छतागृहांचे आदेश दिले. म्हणजे जे काम मूत्राशयावर सोडून दिलं होतं, ते नगरपालनाचं ठरलं.

धरून ठेवण्याची ताकद निसर्गाने अडीअडचणीसाठी दिली. आपण तिच्या भरवशावर शहरं बांधली. मनीषनगरच्या वाहनांसाठी २०२० मध्ये पूल खुला झाला. मे महिन्याच्या उन्हात ठेल्यावर भाजी विकणारी बाई मात्र घरी जाईपर्यंत पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही.