काडतुसाचा चिमटा

चिखलोली, अंबरनाथ

चि. छोटूस,


चोरबाजारातून आणलेल्या लोखंडी चिमट्याचे फोटो पाहिले. अडकित्त्यासारखे दोन दांडे, मध्ये भोकं, टोकाला शिसं ओतायचा साचा. उडवलेलं काडतूस पुन्हा भरायचं हे अवजार. अमेरिकेत न्यू हेवनच्या जॉन बार्लोने १८८४ साली ‘आयडियल’ कंपनी काढली, ती अशाच चिमट्यांसाठी ओळखली गेली. १९२५ साली ती लायमन कंपनीकडे गेली. रानात राहणाऱ्या शिकाऱ्याला दुकान कुठलं जवळ? बार उडाला की दारू आणि शिसं संपतं, पितळेची नळी तेवढी उरते. तीच पुन्हा वापरायची, असा तो हिशेब.

हा चिमटा नळीचं फक्त तोंड आवळतो, अंगाला हात लावत नाही. बार उडताना पितळ फुगतं आणि त्या रायफलीच्या मापाचं होऊन बसतं. म्हणून असं काडतूस ज्या रायफलीतून उडालं तिलाच बरं. दुसरीत अडकायची भीती.

आता पितळेबद्दल, कारण जन्म त्यातच गेला. आमच्या आयुध निर्माणीतलं काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. पत्र्याची वाटी करायची आणि प्रेसखाली ओढत ओढत तिची नळी करायची. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं, म्हणून मध्ये मध्ये भट्टीत अनीलिंग, म्हणजे तापवून मऊ करणं. बूड मात्र कडकच ठेवायचं, कारण दाब तेच झेलतं. चिमटेवाल्याचंही हेच: दर वेळी आवळून तोंड कडक होतं, शेवटी केसाएवढी चीर दिसते. ती दिसली की नळी भंगारात. भरायला कुणीही शिकेल. टाकून कधी द्यायची हे कळणं म्हणजे कसब.

न उडवलेलं पितळही दगा देतं. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं आपोआप तडकायची. १९२१ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी कारण मांडलं: जनावरांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहून गेलेला ताण. बेताच्या आचेवर तापवून हा ताण उतरवला की तडकणं थांबतं.

तू चिमटा हाताळ, उघडझाप कर, मापं वहीत उतरव. काडतूस भरायला जाऊ नकोस. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि जुन्या नळीचा भरवसा मीही देणार नाही. लोखंडाला पातळ तेलाचा हात पुरे. पितळी वस्तू जवळ असतील तर अमोनियाचं पॉलिश लावू नकोस. तडे कसे जातात ते वर लिहिलंच आहे.

तुझा,
आजोबा