नुसती टेकलेली गाठ

पक्षाघात झालेल्या माणसाच्या हृदयाच्या एकोत झडपेवर काही चिकटलेलं दिसलं, की घरचे म्हणतात, "पण ताप तर नव्हता!" शंका रास्त आहे. झडपेवर जंतू बसले की ताप येतो, थंडी भरते, रक्ताच्या कल्चरमध्ये बहुधा जंतू सापडतात. इथे कल्चर कोरं.

मग ही गाठ कशाची? प्लेटलेट आणि फायब्रिनची, म्हणजे जखमेवर खपली धरणारंच सामान. कर्करोग, ल्युपस किंवा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असला की रक्त गोठायला टपलेलं असतं, आणि दिवसाला लाखभर वेळा मिटणाऱ्या झडपेच्या कडेवर ही खपली धरते. न्यूयॉर्कच्या लिबमन आणि सॅक्स यांनी 1924 साली असे चार रुग्ण नोंदवले.

जंतू नाहीत म्हणजे सुटलो, असं वाटतं. गफलत तिथेच होते. मी कोपरीचा, ओहोटीला मीठबंदर रोडने खाडीकडे फेरी असते. दगडाला धरलेली कालवं काढायला कोयती लागते. शेवाळ मात्र चपलेच्या टाचेनं निघतं, आणि आपण आपटतो. जंतू असले की शरीर भांडतं, सूज येते, झडप खराब होते, पण त्या सुजेत गाठ थोडीफार रुतते. तिचेही तुकडे उडतात. जंतूविना धरलेल्या गाठीखाली सूज नाममात्र. ती नुसती टेकलेली, म्हणून आणखी सहज सुटते. डाव्या बाजूच्या झडपेवरून सुटलेला तुकडा महाधमनीतून थेट मेंदूत जाऊ शकतो. एमआरआयवर दोन्ही बाजूंना लहानमोठे डाग विखुरलेले दिसले, तर न्यूरॉलॉजिस्टची नजर हृदयाकडे वळते. छातीवरून केलेल्या एकोत बारीक गाठ निसटते. अन्ननलिका हृदयाच्या पाठीशीच असल्यानं तिच्यात नळी घालून केलेल्या एकोत ती जास्त स्पष्ट दिसते.

औषधही उलटं. जंतूंच्या गाठीला अँटिबायोटिक. तिथे रक्त पातळ करायला डॉक्टर कचरतात, मेंदूत रक्तस्राव होईल म्हणून. इथे भिस्त रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनवर आणि मूळ आजाराच्या इलाजावर. अँटिफॉस्फोलिपिड निघाला तर पुढे जुनं वॉरफेरिनच, रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आयएनआर तपासत राहून.

म्हणून कल्चर कोरं आल्यावर जाणता डॉक्टर मूळ आजार हुडकायला ताप सोडून भलतंच विचारतो. वजन उतरलंय का? सांधे दुखतात का? बाईमाणूस असेल तर, गर्भ कधी पडला होता का, किती वेळा? हे शेवटचं मात्र त्यानं सासूबाईंना बाहेर बसवून विचारावं.