मागच्याचा दिवा

मोटारीचे पुढचे दिवे चालकाला वाट दाखवितात. ते विझले तर त्याला तत्काळ कळते. मागचा ब्रेकचा दिवा मात्र चालकाला दिसतच नाही. तो बंद पडला तरी गाडी पूर्वीसारखीच थांबते. उणीव जाणवते ती केवळ मागून येणाऱ्याला, आणि त्यालाही बहुधा फार उशिरा. जे आपल्याला बोचत नाही त्याला आपण कितपत जबाबदार, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आम्हांला या दोन तारांच्या जोडणीत दिसतो.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डनजीक काउली येथे 1948 पासून बनू लागलेली मॉरिस मायनर घ्या. जुन्या गाड्यांचे शौकीन ती आजही जिवापाड जपतात. तिच्या ब्रेकच्या दिव्याचा स्विच पेडलला जोडलेला नसतो. तो ब्रेक ऑईलच्या नळीला आट्यांनी बसविलेला असतो. पेडल दाबले की तेलाचा दाब वाढतो, त्या दाबाने स्विचमधील संपर्कबिंदू जुळतात आणि दिवा पेटतो. 21 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह ओढतात. एवढा प्रवाह वारंवार तोडता-जोडता ते बिंदू जळतात, काळवंडतात. तथापि असा स्विच बहुधा एकदम मरत नाही. तो दिवसेंदिवस अधिक दाब मागू लागतो. हलक्या पायाला दाद देत नाही.

येथेच खरी गोम आहे. अज्ञानाचे दोन प्रकार आम्ही सेमिनरीत लॅटिन संज्ञांसह घोकले होते: प्रयत्न करूनही दूर न होणारे, आणि थोड्या कष्टाने दूर होण्याजोगे. पहिल्याने दोष लागत नाही, दुसऱ्याने लागतो. न दिसणारा दिवा पहिल्या प्रकारात बसतो असे चालकाला वाटते. वस्तुतः मागे कोणाला तरी उभे करून “पेटतो का रे?” एवढे विचारले की पुरे. पण हे विचारतानाही माणूस स्वतःला फसवतो. परीक्षा म्हटली की तो पेडल जोराने दाबतो. दिवा लख्ख पेटतो आणि मन निश्चिंत होते. रोजच्या रहदारीत मात्र पाय हलकाच पडतो, आणि तेव्हा मागे अंधार असतो. रोज जसे वागतो तशीच परीक्षा घेतली नाही, तर त्या परीक्षेचा उपयोग काय?

मागच्याने अंतर राखावे, असे कोणी म्हणेल. राखावेच. परंतु त्याचे कर्तव्य आपले कर्तव्य पुसून टाकीत नाही. पूर्वी चालक उजवा हात खिडकीबाहेर काढून, तळवा जमिनीकडे ठेवून वरखाली हलवीत असे. खूण त्याची, हात त्याचा. पुढे ते काम स्विचवर सोपविले गेले. काम सोपविता येते. जबाबदारी तशी सोपविता येते असे आम्हांला वाटत नाही. उलट दोषही तितकाच फसवा: बिंदू चिकटून दिवा सदैव पेटता राहिला, तर तोही मागच्याला काहीच सांगत नाही.

दुरुस्ती अवघड नाही. किल्ली फिरवून स्विचच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडाव्यात. दिवे पेटले तर बल्ब आणि तारा ठीक, दोष स्विचचा. स्विच तेलाने ओला दिसला तर प्रकरण निराळे. मग ब्रेकच जायचा, आणि गाडी तोवर हलवू नये. नवा स्विच बसविताना नळीत शिरलेली हवा काढावी लागते. ज्याला ते जमत नाही त्याने जाणत्या मेकॅनिककडे जावे. जोडीला रिले घातला तर दिव्यांचा भार त्याच्यावर जातो आणि स्विच दीर्घकाळ टिकतो. हे सारे झाल्यावर मागे एखाद्या पोराला उभे करावे, आणि पेडलवर पाय अगदी हलकेच ठेवावा.